लेग प्रेसवरचं कुंकू

आमच्या बिल्डिंगमध्ये व्यायामाची यंत्रं काही कमी नाहीत. समोरच्या तेलुगू शेजारणीच्या ट्रेडमिलवर तिच्या नवऱ्याच्या लुंग्या वाळतात. खालच्या मजल्यावर एक सायकल आहे, तिच्या हँडलला कांद्यांची पिशवी लटकते. म्हणून मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, बाबांसाठी घरातच एक चांगलं मशीन घेऊन टाकू," तेव्हा मी म्हटलं, "बाबा रे, माझी वाळत घालायची दोरी अजून धड आहे."

तो हसला नाही. हल्ली तो माझ्या बोलण्याला हसत नाही, काळजी करतो.

गोष्ट एवढीच होती की माझ्या नवऱ्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं. आषाढात, इथल्या बोनालूच्या जत्रेच्या दिवसांत त्यांना ताप आला, तो डेंग्यू निघाला, त्यातून न्यूमोनिया, आणि हॉस्पिटलातून घरी आणले तेव्हा गोकुळाष्टमी आली होती. माणूस वाचला. पण पलंगावर पडून पडून मांड्या अशा झाल्या की पायजम्यात पाय आहेत की काठ्या, ते कळेना. एकदा उभे केले की काठी घेऊन बाथरूमपर्यंत जायचे, बाल्कनीत जायचे, पेपर उचलून आणायचे. पण बसले की बसले. मग हाक यायची, "अगं, ऐकलंस का?"

ती हाक आली की मी हातातलं टाकून जायची. त्यांच्या काखेत हात घालायचे, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा, "एक, दोन, हं!" म्हणायचं आणि ओढायचं. दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. जेवायला, अंघोळीला, बाथरूमला, झोपायला. चाळीस वर्षं नामपल्लीच्या कोर्टात उभं राहून बोलणारा माणूस, आणि त्याला पोत्यासारखं उचलायचं. त्यांना लाज वाटायची, मला राग यायचा, आणि दोघंही काही बोलत नसू. माझी कंबर तर पट्ट्याशिवाय सरळ होत नव्हती. मीही आता साठी ओलांडलेली बाई आहे, हे घरात कोणाच्या लक्षातच नव्हतं. माझ्याही नव्हतं म्हणा.

गणपतीला मुलगा आला. दोन दिवस त्यानं ते सगळं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. बाबा आपले आपण उठायला लागले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर तुम्ही तिघंही पुण्याला या. हे घर देऊन टाकू."

तिघं म्हणजे आम्ही दोघं आणि माझ्या नणंदबाई. वन्सं यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या. शाळेतून रिटायर झाल्या, तेव्हापासून आमच्याकडेच असतात. हे त्यांना आक्का म्हणतात आणि अजून घाबरतात.

पुणं. आता पुण्याचं माझं काही वाकडं नाही. पण तिथे मी भाजीवाल्याला "कोथमीर ताजी है क्या" म्हणून विचारलं, तर सून माझ्याकडे बघते. आमचं मराठी ऐकून तिथली माणसं विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" अहो, मूळचे मराठीच की. पाच पिढ्या हैदराबादेत गेल्या, निजामाच्या कचेरीत नोकऱ्या केल्या, म्हणून मराठीपण संपतं का? इथे मला कोठीच्या बाजारातल्या गल्ल्या डोळे मिटून माहीत आहेत. इथे दूधवाला तेलुगूत बोलतो, रिक्षावाला उर्दूत, वन्सं मराठीत ओरडतात आणि सगळ्यांना सगळं कळतं. यांचं तर विचारूच नका. पुणं म्हटलं की हे पेपर तोंडासमोर धरायचे.

पण खरं सांगू? काही वेळा, काखेत हात घालून तिसऱ्यांदा ओढताना, माझ्या मनात यायचं, जाऊ दे, चला पुण्याला. तिथे निदान उचलायला दोन हात जास्त आहेत. कोणाला सांगितलं नाही मी ते.

तर मशीन. फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी आमच्याकडे यायची, तेलुगू, पण हिंदीत बोलायची, यांना 'सार' म्हणायची. तिनं मला नीट समजावलं. म्हणाली, आंटी, सारच्या मांड्यांना ताकद पाहिजे. बसून पायानं फळी ढकलायची, त्याला लेग प्रेस म्हणतात. तेवढं असलं तरी पुरे. वजन अगदी कमीपासून सुरू झालं पाहिजे. सीट वर-खाली झाली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे सारना त्यात बसता आलं पाहिजे आणि त्यातून उठवता आलं पाहिजे. बाकी दुकानदार काय काय दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका.

आणि जाता जाता यांना ओरडून जायची, "सार, उठते वक्त आगे झुको! आगे! पीछे मत जाओ!" कारण हे उठायची वेळ आली की मागे रेलायचे. पुढे वाकलं तर तोंडावर पडू, अशी भीती. मागे रेललेला माणूस वर कसा येणार? मग सगळा भार माझ्या कंबरेवर.

मुलाचा उत्साह वेगळाच. रोज फोटो यायचे. लोखंडाचे सांगाडे, त्यांना दोऱ्या, कप्प्या, दांडे, आणि मधोमध एक उघडाबंब तरुण दात काढून हसतोय. "आई, हे बघ, यात पंचवीस प्रकार होतात." मी म्हटलं, "मला एकच प्रकार पाहिजे, उठणं." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. त्यात सुरू झाला पितृपक्ष. वन्संनी जाहीर केलं की या पंधरवड्यात घरात लोखंड यायचं नाही. मी म्हटलं, "वन्सं, पितर काय लेग प्रेसला नावं ठेवणार आहेत?" त्या म्हणाल्या, "बघून ठेव. बघायला मनाई नाही." मग मी बघायला निघाले.

आधी कोठीला गेले. जुनं दुकान, बाहेर कॅरमबोर्ड आणि बॅटी टांगलेल्या. मालक माझ्याच वयाचा. मी म्हटलं, लेग प्रेस है क्या? तो म्हणाला, "हौ अम्मा, किसके वास्ते? पोते के वास्ते?" मी म्हटलं, नवऱ्यासाठी. त्यानं मला दोन डंबेल दाखवले, मग एक हातानं दाबायची स्प्रिंग, मग एक पोटाचा पट्टा. पट्टा बघून मला माझीच कंबर आठवली. शेवटी तोच म्हणाला, "ऐसा बडा मशीन हमारे पास कहाँ अम्मा, दिलसुखनगर जाव."

दिलसुखनगरचं दुकान मोठं होतं, काचेचं. पण तिसऱ्या मजल्यावर. खाली कोचिंग क्लास, जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग, आणि लिफ्ट बंद. मी कंबरेला पट्टा बांधून, पदर खोचून, प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकत वर गेले. अशक्त माणसांची यंत्रं तिसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याला काय म्हणावं! वर पोचले तेव्हा तिथल्या विकणाऱ्यानं मला आधी पाणी दिलं आणि मग खुर्ची दिली. खुर्ची मला सगळ्यांत जास्त आवडली.

त्यानं एकेक यंत्र दाखवायला सुरुवात केली. पहिल्यात झोपून पाय वर आकाशाकडे ढकलायचे. मी म्हटलं, यांना झोपवलं तर क्रेन आणावी लागेल. दुसऱ्यात बसायला आधी एक दांडा ओलांडायचा. तिसरं ठीक वाटलं. म्हटलं, मी स्वतः बसून बघते. बसले साडी सावरून. सीट खाली, पाय वर. ढकललं, दोरी सरसर आली, मला जरा बरंही वाटलं. मग उठायला गेले तर उठवेना! कंबरेत कळ आली आणि मी तशीच अडकले, कासव उलटं पडतं तशी. तो बिचारा घाबरला, "अम्मा, अम्मा," करत आला, अजून एकाला हाक मारली, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून मला बाहेर काढलं.

त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की यांना रोज काय वाटत असेल. दोन परकी माणसं काखेत हात घालून ओढतात तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी तिथेच त्या खुर्चीवर जाऊन बसले आणि डोळे भरून आले. त्याला वाटलं, लागलं की काय. मी म्हटलं, "नहीं बेटा, कुछ नहीं. दुसरा दिखाव."

मग मी विचारायचं सोडलं आणि प्रत्येकात बसून उठायलाच लागले. ज्यातून मला उठता येत नाही, ते बाद. सगळी यंत्रं ज्यांना त्यांची गरज नाही अशांसाठी केलेली. ढकलण्याची ताकद असेल, चढून जाण्याची ताकद असेल, तर मग मी मशीन कशाला घेऊ, डोंगरच नाही का चढणार? त्यानं मला तासभर सहन केलं.

एक उरलं कोपऱ्यात. दिसायला साधं, त्याच्यावर धूळ. उंच सीट, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, समोर पायांसाठी रुंद, सपाट फळी, आणि मागे वजनांच्या चकत्यांची एक चळत. खिट्टी घालायची, पाहिजे तितकं वजन उचललं जातं. मी बसले. उठले. परत बसले, परत उठले. "हे," मी म्हटलं.

पण आमच्याकडे वकील आहेत ना! व्हिडिओ कॉल लावला. घरी खुर्चीत बसून हे त्या विकणाऱ्याची उलटतपासणी घ्यायला लागले. केबल कसली? बदलून कोण देणार? वॉरंटी लोखंडावर की दोरीवर? पूर्वीच्या गिऱ्हाइकांची काही तक्रार? तो म्हणाला, "साब, फौलाद है. आपके पोते का पोता कसरत करेगा." हे म्हणाले, "पोते का छोडो, मेरा बोलो." कितीतरी दिवसांनी त्यांचा तो कोर्टातला आवाज ऐकला मी. फोन माझ्या हातात होता म्हणून बरं, नाहीतर तिथेच डोळे पुसत बसले असते. मग शेवटी साहेब म्हणाले, "विचार करून सांगतो." मी म्हटलं, "अहो, ही काय कोर्टातली पेशी आहे, मुदत मागायला?" आणि विकणाऱ्याला सांगून टाकलं, नवरात्रात पाठवा.

ते आलं नेमकं खंडेनवमीला. खोक्यांतून, दोन फिटरांबरोबर. जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं आणि हॉलमध्ये ते उभं राहिलं, खिडकीचा अर्धा उजेड खाऊन. त्या दिवशी हैदराबादेत रिक्षा, लॉऱ्या, शिलाईची मशिनं, सगळ्यांना झेंडूच्या माळा असतात. फिटरच म्हणाले, "अम्मा, आज नया मशीन आया, निंबू-नारियल तो करो." वन्संना तेवढंच पाहिजे होतं. आमच्याकडे यांची कायद्याची पुस्तकं, माझी विळी, वन्संची कात्री पाटावर मांडलेलीच होती. त्या हळदकुंकवाची कोयरी घेऊन उठल्या. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बाहेर येऊन बघते तो यंत्राला झेंडूची माळ, खाली लिंबू, आणि त्या समोरच्या रुंद फळीवर, बरोब्बर मधोमध, तेलात कालवलेल्या कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक!

"वन्सं, तिथे कुठे काढलंत!"

"मग कुठे काढू? बाकी सगळे दांडेच दांडे. कोरी जागा तेवढीच होती."

"अहो, ती पाय ठेवायची जागा आहे!"

वन्संनी जीभ चावली. पण फिटर नमस्कार करून, प्रसाद खाऊन गेलेही होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक, आज सुरुवात करायची असं ठरलेलं. फिजिओथेरपीची मुलगी मुद्दाम आली. आम्ही दोघींनी यांना त्या सीटवर बसवलं. यांनी फळीकडे पाहिलं आणि पाय खालीच ठेवले.

"यावर पाय लावायचा?" म्हणाले.

मी ओलं फडकं आणलं. घासलं. कुंकू गेलं, पण तेल लागलेला तो लाल डाग पांढऱ्या रंगात मुरला होता. स्वस्तिक तसंच्या तसं दिसत होतं, फिकट.

"पुसलं की हो," मी म्हटलं.

"डाग पुसला. पूजा कशी पुसणार?"

बाई गं! ज्या माणसानं जन्मात कधी संध्या केली नाही, संकष्टीला हॉटेलात जाऊन ऑम्लेट खाल्लं, तो माणूस मला पूजा शिकवत होता. मुलगी बिचारी काही न कळून माझ्याकडे बघत राहिली. मी वन्संकडे पाहिलं. त्या देवघरात जाऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आज पाय दुखतायत. मग म्हणाले, मोजे घालून बघू, मग म्हणाले, मोजे घालून पाय लावणं म्हणजे काय वेगळं? मी फळीवर वर्तमानपत्र चिकटवलं. तर छापील कागद म्हणजे सरस्वती म्हणे. वकिलाशी संसार करणाऱ्या बाईला नरकात जागा नसते, तिचं तिथलं सगळं इथेच भोगून झालेलं असतं.

आणि एका सकाळी मी बघितलं, यंत्राच्या दांड्यावर माझाच ओला नॅपकिन. मीच टाकला होता, येता-जाता, न कळत. झालं! आमचंही मशीन समोरच्या ट्रेडमिलच्या जातीत गेलं. तेवढ्यात हाक आली, "अगं, ऐकलंस का?"

मी गेले. काखेत हात घातले. एक, दोन, हं. ते मागे रेलले, मी ओढलं, आणि कंबरेत असं काही चमकलं की मी त्यांना सोडूनच दिलं. ते धपकन परत खुर्चीत. मी तिथेच जमिनीवर बसले.

"नाही होत मला," मी म्हटलं. ओरडलेच. "आता नाही होत. पूजा म्हणे! मी माणूस आहे की नाही या घरात? त्या लोखंडाला माळ घातलीत, त्याला पाय लावत नाही, आणि माझी कंबर मोडून चाललीय ती दिसत नाही? आज मुलाला फोन करते. दिवाळीची वाट बघायची नाही. चला पुण्याला!"

कुकरनं शिट्टी दिली, ती कोणी मोजली नाही.

मग हे बोलले. कोर्टातला आवाज नव्हता तो. "मला भीती वाटते गं."

"कशाची? देवाची?"

"देवाची कसली. पाय लावला आणि ते हाललंच नाही तर? सगळ्यांत कमी वजनावरसुद्धा हाललं नाही तर मग काय राहिलं? मग पुणंच. आत्ता निदान म्हणता येतं, पूजा केलीय म्हणून."

राग असा गेला नाही माझा, राग होताच. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. चाळीस वर्षांत या माणसानं हरलेली केससुद्धा कधी "मला भीती वाटते" म्हणून सांगितली नव्हती. मी त्यांच्या पायावर हात ठेवला. गार होता.

वन्सं दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या आत आल्या, यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शाळेत पोरांशी बोलत असतील तशा बोलल्या.

"लहानपणी तुला आपले तात्या तालमीत घेऊन जायचे. आठवतं? पैलवान आखाड्यात उतरताना काय करायचे?"

यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"माती कपाळाला लावायचे आणि मग त्याच मातीत पाय रोवायचे. त्या मातीची काय पूजा नव्हती होत? चूक झाली ती माझी, कुठेही कुंकू फासलं. पण पाय लागला तर आपण करतो काय? हात लावून नमस्कार करतो. मग कर नमस्कार आणि लाव पाय. आणि नाही हाललं तर नाही हाललं. मी आहे, ही आहे. बाहेरचं कोण बघतंय?"

त्या दिवशी आम्ही दोघींनी त्यांना सीटवर बसवलं. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग पुढे वाकायला लागले. फळी काही जवळ नव्हती. अर्ध्यात थांबले, दांडे घट्ट धरले, श्वास घेतला. "पडतो बघ मी," म्हणाले. मी म्हटलं, "पडा. धरलंय." मग अजून वाकले आणि बोटं त्या फिकट स्वस्तिकाला लागली. ती बोटं डोळ्यांना लावली. मग एकेक पाय उचलून फळीवर ठेवला आणि ढकललं.

काही झालं नाही. परत ढकललं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि मागे ती लोखंडी चकती चार बोटं उचलली जाऊन खाली पडली. खण्ण.

"वाजलं!" वन्सं ओरडल्या.

मला हसू आलं आणि रडूही. खण्ण म्हणजे काय मोठं, शेजारच्या पोराच्या हातून रोज वाट्या पडतात. पण त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ तो आवाज सुरू झाला. वन्सं देवघरातून कान देऊन असायच्या. आवाज बारीक आला की म्हणायच्या, "आज नुसतंच टेकवतोयस वाटतं!" आणि दर वेळी पाय लावायच्या आधी यांचा नमस्कार. पाय खाली घेतले, पाणी प्यायले, परत लावायचे तर परत नमस्कार. मी म्हणायची, "अहो, एकदा केला की पुरे की." हे म्हणायचे, "प्रत्येक वेळचा गुन्हा वेगळा."

फिजिओथेरपीची मुलगी मधे चार दिवस गावाला गेली होती. ती परत आली, यांना वाकताना बघून दारातच थांबली. "आंटी! सार तो झुक रहे!" मी म्हटलं, "हो, नमस्कार करतायत." तिला नमस्काराशी देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, उठायचं म्हणजे आधी वाकायचंच असतं, मी दोन महिने ओरडून ओरडून थकले. वाकायची भीती गेली तर बाकीचं पाय करतील. मला ते कळलं, पण त्या वेळी मी काही आशा बिशा धरली नाही. आशा धरायलाही अंगात ताकद लागते. मी अजून रोज काखेत हात घालत होते. फक्त ओढताना जरा हलकं लागत होतं, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

दिवाळी आठवड्यावर आली. मुलगा रोज सातला फोन करायचा आणि मधूनमधून विचारायचा, सामान काय काय आणायचं ते ठरवलंत का. मी म्हणायची, हो हो, ठरवू. कपाटं उघडायची, बघायची आणि परत लावायची.

त्या संध्याकाळी मी करंज्या तळत होते. दुपारपासून ओट्याशी उभी. सारण केलं, पारी लाटली, वन्संनी भरल्या, मी तळल्या. शेवटचा घाणा टाकला आणि कंबर म्हणाली, बास. वन्संना म्हटलं, "जरा बघता का, मी आलेच," आणि भिंतीला धरत हॉलमध्ये आले. बसायला बघितलं तर टेबलाच्या खुर्च्या बाल्कनीत, सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. मी आपली यंत्राच्या दांड्याला टेकून उभी राहिले. डोळे मिटले.

हे समोर त्यांच्या खुर्चीत होते, कोर्टातल्या चेंबरमधून आणलेली ती हातांची लाकडी खुर्ची. हाक येईल असं वाटलं. मनात म्हटलं, देवा, आत्ता नको. थोडं थांबून येऊ दे.

हाक आली नाही. लाकूड कुरकुरलं. मी डोळे उघडले तर हे पुढे वाकलेले. इतके वाकलेले की मला वाटलं, काही पडलंय ते शोधतायत. त्यांनी बोटं जमिनीला लावली, कपाळाला लावली. समोर फळी नव्हती, काही नव्हतं, आमच्या हॉलची साधी फरशी. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले.

मी धावणार होते. पाय उचललाही. पण का कोण जाणे, थांबले. हात पुढे करून तशीच उभी राहिले. त्यांची मांडी थरथरत होती, पायजम्यातून दिसत होती. अर्ध्यावर आले, परत खाली जातात की काय असं झालं, तोंडातून कसलासा आवाज निघाला, आणि मग ते वर आले. सरळ. माझ्याहून ते एवढे उंच आहेत, हे मी विसरूनच गेले होते.

दोन पावलं टाकली, यंत्राचा दांडा धरला. माझ्या अगदी जवळ. धाप लागलेली.

"अगं," म्हणाले, "बस. खुर्ची रिकामी केलीय."

"अहो..."

"बस म्हणतो ना. किती वेळची उभी आहेस."

मी बसले. ती खुर्ची त्यांच्या अंगानं गरम होती. बसले आणि मग मला रडू आलं, असं की आवरेना. महिनोन्‌महिने कोणी मला बस म्हटलं नव्हतं. पदरानं तोंड दाबलं तरी हुंदके बाहेर येत होते. आतून करपल्याचा वास आला. मी उठायला गेले तर कंबरेनं साफ नाही म्हटलं.

हे मान वळवून ओरडले, "आक्का, गॅस बंद कर गं! करंज्या जळू देत!"

वन्सं झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात सोफ्यावरच्या कपड्यांत फोन वाजायला लागला. सातचा फोन. यांना दांडा सोडवेना, मला खुर्ची सोडवेना. वन्संनी कपडे उपसून फोन काढला.

"कोण? हां, तू. अरे, तुझा बाप उभा आहे आणि तुझी आई बसलीय. नंतर कर फोन."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.